रबराच्या रानाची तारीख

कासिरान गेल्याला आज हजार दिवस झाले, म्हणजे आता त्यांच्या थडग्यावर दगड बसवता येणार होता. तोवर नुसता मातीचा उंचवटा, डोक्याशी एक फळी आणि पायाशी एक. हजार दिवस माती बसू द्यायची, मग दगड, आणि दगड बसला की जमिनीची वाटणी. जावा सोडून रिआउच्या दलदलीत येऊन या घराला चाळीस वर्षं होत आली होती. भाषा थोडी बदलली, भाताच्या जागी पाम आला, पण हा क्रम कुणी बदलला नव्हता.

सकाळी गवंडी दगड बसवून गेले. परसात शेजारच्या बायका बकऱ्याचं मटण शिजवत होत्या आणि तव्यावर तांदळाच्या आपेम उलटत होत्या. त्यांच्यात बसायचं सोडून एंदाह ओसरीवर मांडीवर फोन आणि समोर मोठा नकाशा पसरून बसली होती. ती पाम शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेची नकाशे करणारी. पेकनबारूला मृदाशास्त्र शिकून आली, तेव्हा तिच्या बापाकनी, कासिराननी, गावभर आपेम वाटल्या होत्या. गेलं वर्षभर ती लोकांच्या बागांच्या हद्दी पायांनी चालत होती. कोपऱ्याकोपऱ्यावर थांबायचं, फोनमध्ये बिंदू टिपायचा, पुढे जायचं. उद्या सकाळी तेलगिरणीचा माणूस हे सगळं न्यायला येणार होता.

"किती तुकडे झाले?" वासिसकाकांनी पायरीवर उकिडवं बसत विचारलं. कासिरानचा हा धाकटा भाऊ, एंदाहचा पाकलिक, संस्थेचा अध्यक्ष होता.

"एकशे पंच्याऐंशी. एक राहिलाय, पाकलिक."

"आपलाच."

"आपलाच."

पाकलिकनी सिगारेट काढली, परसाकडे पाहिलं आणि पुन्हा खिशात ठेवली. "मग लिहून टाक की. त्यात विचार कसला करतेस? रबराची बाग होती, तोडली, पाम लावला. सगळ्या गावानं हेच केलंय."

"गावानं वीस वर्षांपूर्वी केलं. आपली तोड दोन हजार एकवीसची आहे."

नियम पाकलिकना तोंडपाठ होता. सभेत त्यांनीच तो चारदा समजावून सांगितला होता. युरोपात तेल जायचं असेल, तर ज्या जमिनीतून पामफळांचे घड आले तिथे दोन हजार वीसच्या शेवटच्या दिवसानंतर जंगल तुटलेलं नसावं. आणि एका तुकड्याचे घड जरी मिसळले, तरी सगळी टाकी बाद.

"युरोपवाल्यांनी स्वतःची जंगलं तोडली तेव्हा आकाशात उपग्रह नव्हते," पाकलिक म्हणाले. "वेळ बरी साधली म्हणायची."

एंदाह हसली. "खरंय."

"आणि तिकडे ती पिवळी फुलं लावतात, मोहरीच्या जातीची, त्याचंही डिझेल करतात. शेतकऱ्याला वर सरकार मदत देतं. ते डिझेल हिरवं आणि आपलं काळं. त्यावर आपण जिनिव्हाला जागतिक व्यापार संघटनेत भांडलो ना? जिंकलो ना?"

"अर्धं जिंकलो. पंचांनी म्हटलं, जंगल वाचवायचा हेतू ठेवा, पण दुजाभाव करू नका. पण ते भांडण डिझेलचं होतं, पाकलिक. हा नियम वेगळा. जिनिव्हातल्या निकालानं आपला तुकडा काही हिरवा होत नाही."

"तू आमच्या बाजूची आहेस की त्यांच्या?"

हा प्रश्न तिला वर्षभरात निदान पन्नास घरांच्या ओसरीवर विचारला गेला होता. आज पहिल्यांदा तो स्वतःच्या घरात आला.

तेवढ्यात तेगार मोटारसायकलवरून आला. तिच्याहून सहा वर्षांनी लहान भाऊ, उन्हानं रापलेला, बाहीवर पामच्या काट्यांचे ओरखडे. त्यानं नकाशावर एकवार नजर टाकली. सगळीकडे हिरव्या रेघा होत्या आणि ओढ्याच्या वळणावर दोन हेक्टरांची मोकळी जागा.

"मी सांगितलंय ना तुला, म्बाक. दोन हजार एकोणीस लिही."

"उपग्रहाचं चित्र आहे. डिसेंबर वीसमध्ये तिथे गर्द हिरवं दिसतंय."

"मग ती बाग होती. रबराची पानं हिरवीच असतात."

"बाग असेल तर काहीच अडचण नाही," एंदाह शांतपणे म्हणाली. "बाग तोडून दुसरी बाग लावली, तर नियमाला हरकत नाही. शेतीची शेतीच राहिली. पण बाग सोडून दिली असेल, चीक काढणं बंद होऊन तिचं रान झालं असेल, तर ते जंगल. मी तेव्हा पेकनबारूला होते. मला माहीत नाही. इबूंना विचारावं लागेल."

"तर मग विचार," तेगार म्हणाला. "इबू काय सांगणार ते मला माहीत आहे."

तिलाही माहीत होतं, आणि म्हणूनच ती सकाळपासून विचारत नव्हती. इबू म्हणजे आई; ती मुलासाठी खोटं बोलली असती, तर एंदाहला ते लिहावं लागलं असतं.

*

वाटणीला सगळे मधल्या खोलीत चटईवर बसले. इबू भिंतीला टेकून, गुडघा लांब करून. सुकिनेम हे त्यांचं नाव आता फक्त पाकलिकच्या पिढीला आठवत होतं. तेगारची बायको लास्त्री सातव्या महिन्यात होती, तिला उशी दिली होती. प्रार्थना चालवणारे मोदीन आणि गाव दिवसाच्या तिसऱ्या नमाजानंतर, उतरत्या दुपारी, प्रार्थनेला यायचं होतं. त्याआधी घरचं घरात मिटवायचं.

"रीत सगळ्यांना ठाऊक आहे," इबू म्हणाल्या. "मुलगा खांद्यावर कावड घेतो, दोन टोपल्या नेतो. मुलगी पाठीवरच्या झोळीत एक नेते. तीन तुकडे आहेत. रस्त्याकडचा एंदाहचा. घरामागचा मी आहे तोवर माझा, मग तेगारचा. आणि ओढ्याकडचा तेगारचाच, तो त्याच्या बापाकनी लग्नातच दिला."

हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं.

"आता बोला," इबू म्हणाल्या. "तुम्ही सगळे सकाळपासून माझ्याकडे बघताय, जसं काही मी मटणात मीठ घालायला विसरलेय."

पाकलिकनी घसा साफ केला आणि ते भावजयीकडे वळले. "म्बाक्यू, साधी गोष्ट आहे. ओढ्याकडच्या रबरातून तुम्ही चीक काढत होता ना? तोडेपर्यंत?"

एंदाह मान खाली घालून चटईची वीण बघत होती. तिच्या हातातल्या कागदावर जंगल कशाला म्हणायचं त्याची मोजमापं होती. अर्धा हेक्टर, झाडांची उंची पाच मीटर, सावली दहा टक्के. मोजता येईल ते सगळं तिनं मोजलं होतं. न मोजता येणारं एवढंच उरलं होतं.

"कशाला हवंय ते?" इबूंनी विचारलं.

"युरोपच्या कागदाला," तेगार पटकन म्हणाला. "तुम्ही हो म्हणा, बस. तुम्ही हो म्हटलंत की माझे घड गिरणीत जातील. नाही म्हटलंत तर दलालाकडे. तो किलोमागे चारशे रुपिया कमी देतो, आणि वजनात मारतो ते वेगळं. घरामागचं तुमचं आहे. मला खायला तेवढाच तुकडा आहे."

"दलालाच्या तेलाचं काय होतं?"

"इथल्या डिझेलमध्ये जातं. ट्रक चालतात त्यावर. तिथे कुणी विचारत नाही, कुठलं झाड होतं म्हणून. चाळीस टक्के आपलंच तेल आहे त्यात."

"आणि ते डिझेल स्वस्त पडावं म्हणून निर्यातीवर जी वसुली होते, ती आपल्याच घडाच्या भावातून निघते," एंदाहनं न राहवून जोडलं.

"त्याच पैशातून तुझ्या रस्त्याकडच्या तुकड्याला नवी रोपं मिळाली," पाकलिक म्हणाले. "तेव्हा तू काही बोलली नाहीस."

"नाही बोलले."

इबूंनी हात वर केला तसे सगळे गप्प झाले. त्यांनी लास्त्रीकडे पाहिलं, मग तेगारकडे. तेगार जमिनीकडे बघत होता.

"धुराच्या सालची गोष्ट आहे," त्या म्हणाल्या. "तेगार, तू तेव्हा शाळेत होतास, दोन महिने शाळा बंद होती. आग जमिनीखालून येत होती. काळी दलदल आतून जळते. ज्वाळा दिसत नाही, नुसता धूर, आणि पायाखाली ऊब. ओढ्यापलीकडे सगळं जळालं. आणि ती आपल्या रबरापाशी येऊन थांबली. तिथे खाली पाणी होतं, वर सावली होती. पानं कुजून ओली झालेली. आग तिथून पुढे आली नाही. दुसऱ्या दिवशी तुझे बापाक गेले आणि सगळ्या झाडांवरच्या चिकाच्या वाट्या उतरवून आणल्या. म्हणाले, यांना आता सुरी लावायची नाही. वाढू दे जे वाढतंय ते."

"इबू," तेगार म्हणाला.

"सहा वर्षं मी तिथे चीक काढला नाही. पेताईच्या शेंगा आणायला जात होते, बस. धनेशाची जोडी होती वर. त्यांच्या पंखांचा आवाज घरापर्यंत यायचा."

पाकलिक हळूच म्हणाले, "पण शेवटी तोडलं कासिरानदादानंच ना, म्बाक्यू."

"तोडलं. तेगारच्या लग्नानंतर. त्या साली घडाला भाव होता. मी चार महिने त्यांच्याशी धड बोलले नाही, वासिस, एका घरात राहून. त्यांनीही कधी खुलासा केला नाही." इबूंचा आवाज बारीक झाला नाही, उलट थोडा कडक झाला. "आणि आता तुम्ही म्हणताय, ती बाग होती म्हणून सांगा. म्हणजे त्यांनी दिलेला शब्द नव्हताच? मोडला, तर मोडला. पण दिला होता. हजाराव्या दिवशी तेवढंही त्यांच्याकडून काढून घेऊ?"

खोटं लिहायची वेळ टळली म्हणून एंदाहला हलकं वाटलं. पण त्याच क्षणी तिला समोरचा भाऊ दिसला. आईनं तिचं काम सोपं केलं होतं आणि त्याचं घर मोडलं होतं.

"ठीक आहे," तेगार उठायला लागला. "ठीक आहे. मी घड रात्री घरामागच्या घडांत मिसळतो. घडांवर काही नाव लिहिलेलं नसतं."

"बस खाली," पाकलिक ओरडले. "सगळ्या गावाची घरं आहेत त्या टाकीत!"

"मग माझं घर त्यात नाही का?"

"तेगार, बस," एंदाह म्हणाली. तिनं नकाशा घडी करून बाजूला ठेवला. हे तिनं आधी ठरवलं नव्हतं. निदान पुढे कित्येक वर्षं ती सगळ्यांना असंच सांगत राहिली. "माझा तुकडा तू घे. रस्त्याकडचा. त्याचा कागद स्वच्छ आहे. ओढ्याकडचा माझ्या नावावर कर."

"काय?"

"झोळी एकच आहे, इबू. फक्त आत काय आहे ते बदलतंय."

इबू तिच्याकडे बघत राहिल्या. "न्दुक, तुला एकच मिळतंय, आणि तेही असं?"

"मला संस्थेचा पगार आहे."

"आणि लोक?" पाकलिकनी कपाळाला हात लावला. "संस्थेची नकाशेवाली, आणि सबंध गावात एकच लाल तुकडा, तो तिचा! हसतील लोक."

"हसू देत. पुढच्या वेळी मी कुणाला लाल केलं, तर निदान म्हणणार नाहीत की घरचं झाकलं."

पाकलिकना हे पटलं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि आपल्याला पटलं म्हणून त्यांना थोडा रागही आला.

"मला तुझी दया नकोय, म्बाक," तेगार म्हणाला.

"तुम्हाला नको असेल," उशीवरून लास्त्री बोलली. ती लग्नानंतर या खोलीत फारशी कधी बोलली नव्हती. "मला हवी आहे. मला दोन महिन्यांत बाळ होणार आहे. म्बाक, मी घेते तुमची दया. तुकडाही घेते."

इबू हसल्या. आधी नुसत्या ओठांनी, मग गुडघा धरून. पाकलिकही हसले, आणि शेवटी एंदाहही. तेगार तेवढा हसला नाही.

"पण त्या तुकड्याचं तू करणार काय?" इबूंनी डोळे पुसत विचारलं.

"आहेत तोवर घड दलालाला देईन. ओढ्याकडच्या दहा ओळी काढून टाकीन. पाणी पुन्हा वर येतं का ते बघते."

"वेडी आहेस," पाकलिक म्हणाले. पण त्यांनी सिगारेट काढून या खेपेला पेटवली, आणि कुणी अडवलं नाही.

*

हद्द तेवढी चालायची राहिली होती. माणसं यायला तासभर होता. एंदाह फोन घेऊन निघाली, तेव्हा तेगार विळा घेऊन तिच्या पुढे झाला. तिनं बोलावलं नव्हतं.

हद्दीवर बापाकनी लावलेली लाल पानांची झुडपं होती. चार कोपऱ्यांवर चार आणि मध्ये मध्ये काही. पाम अजून कोवळे, छातीइतक्या उंचीवर घड. जमीन पायाखाली मऊ होती. तेगार पुढे पुढे नेचे कापत होता आणि ती प्रत्येक वळणावर थांबून बिंदू टिपत होती. फोन बारीक टिक करायचा, आणि दोघं पुढे जायचे.

पहिल्या कोपऱ्यावर त्यानं नुसते नेचे कापले. दुसऱ्यावर म्हणाला, "इथे पाणी साचतं पावसात. दहा नाही, पंधरा ओळी काढाव्या लागतील तुला."

"बरं."

चौथ्या कोपऱ्यावर रेघ जुळली. पडद्यावर प्रश्न एकामागोमाग आले. मालकाचं नाव. तिनं स्वतःचं लिहिलं. सध्याचं पीक. पाम. आधी काय होतं? तिनं जंगल हा शब्द निवडला. तोड कुणी केली? कासिरान.

"तारीख हवी," ती म्हणाली. "इबूंना नुसतं साल आठवतंय. मी एक तारीख टाकू का जानेवारीची?"

"नऊ मार्च," तेगार म्हणाला.

"नक्की?"

"मंगळवार होता. वागे."

तिनं आकडे टाकले आणि मग तिचा हात थांबला. जावाच्या पाच दिवसांच्या आठवड्यातला वागे, आणि त्यावर मंगळवार. बापाक प्रत्येक दिवसाचे अंक मोजायचे. बी पेरायला, छप्पर घालायला, तिला पेकनबारूच्या बसमध्ये बसवायलासुद्धा. मंगळवार आणि वागेची बेरीज सगळ्यांत लहान. त्या दिवशी ते नवं काम काढत नसत, विळ्याला धारही लावत नसत. घराबाहेर पडत नसत.

तिनं वर पाहिलं. तेगार तिच्याकडे बघत नव्हता, ओळींच्या पलीकडे बघत होता.

"म्हणूनच तो दिवस धरला," तो म्हणाला. "ते येणार नाहीत हे माहीत होतं. मी त्यांना दोन महिने सांगत होतो. ते म्हणत होते थांब, एक वर्ष थांब, तुला घरामागचा देतो. मला थांबायचं नव्हतं. शेजारच्या गावातून करवतवाले दोघं आणले. संध्याकाळपर्यंत अर्धं आडवं झालं होतं."

"करवतीचा आवाज घरापर्यंत जातो."

"गेला. इबू त्या आठवड्यात आजोळी होत्या. बापाक दुसऱ्या दिवशी सकाळी आले. इथेच उभे राहिले. मला वाटलं मारतील. पण ते पडलेल्या झाडांवरून चालत चालत ओढ्यापर्यंत गेले, परत आले. इबू आल्यावर म्हणाले, मी तोडलं. सगळ्या गावाला तेच सांगितलं. मलाही सांगितलं, तू काही बोलायचं नाहीस, तुझं नुकतंच लग्न झालंय, तुझ्या आईला तुझ्यासोबत खूप वर्षं काढायची आहेत."

एंदाहनं त्याच्या बाहीला चिकटलेला नेच्याचा तुकडा काढला.

"पुसून टाक ते नाव," तेगार म्हणाला.

"हा कागद गिरणीत जाईल. तिथे कुणीही असलं तरी त्यांना फरक पडत नाही. तोड ती तोडच."

"मला पडतो. माझं लिही."

तिनं पुसलं. त्याचं नाव लिहिलं, पूर्ण, बापाकच्या नावासकट, जसं शाळेच्या दाखल्यावर होतं. पडद्यावर तुकडा लाल झाला.

तेगारनं विळा तिच्या हातात दिला. घराच्या बाजूनं माणसांचा आवाज यायला लागला होता. पहिली मोटारसायकल अंगणात शिरली असावी.

"तू मागून ये," तो म्हणाला. "इबूंना मी सांगतो. मोदीन बसायच्या आत सांगायला हवं. आता सगळं गाव मिळून बापाकच्या चुकांची क्षमा मागणार आहे, म्बाक. त्यातली एक त्यांची नाही."

आणि तो लाल पानांच्या झुडपांमधून, कोवळ्या पामच्या दोन ओळींतून, धावतच घराकडे निघाला.